सिलिकॉन रेझोनेटरचे चुंबकीय सेन्सर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, पलूस, कराड, सातारा या पट्ट्यातले अभियांत्रिकीचे विद्यार्थी, त्यांचे शिक्षक आणि एमआयडीसीतले काही उद्योजक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. रेझोनेटर म्हणजे स्वतःच्या ठरावीक वारंवारतेवर कंप पावणारी वस्तू; इथे तिच्या कंपनावरून चुंबकीय क्षेत्र मोजतात. सगळे हिशेब एकाच नमुना-सेन्सरचे आहेत, त्यामुळे एका उत्तरातला आकडा दुसऱ्या उत्तरात तसाच वापरता येतो. नमुना असा: करंट वाहणारी पट्टी ५०० मायक्रोमीटर लांब, सिलिकॉनची जाडी २० मायक्रोमीटर, स्प्रिंगची ताठरता १० न्यूटन प्रति मीटर, स्वतःची वारंवारता २० किलोहर्ट्झ, निर्वातात क्यू-फॅक्टर (कंपन किती टिकतं त्याचं माप) १०,०००, पट्टीचा रोध १ किलोओहम, करंट १ मिलिॲम्पिअर.

आत नेमकं काय असतं?

सिलिकॉनची एक बारीक पट्टी, दोन्ही टोकांना घडीच्या स्प्रिंगांवर टांगलेली. पट्टीतून करंट जातो. चिपच्या पृष्ठभागाला काटकोनात चुंबकीय क्षेत्र असलं की पट्टीवर आडवं बळ येतं. बारावीतलंच सूत्र: बळ म्हणजे करंट गुणिले लांबी गुणिले क्षेत्र. मोटरीचं आर्मेचर ज्या लॉरेन्ट्झ बळावर फिरतं तेच हे. फरक इतकाच की इथे करंट उलटसुलट असतो आणि त्याची वारंवारता पट्टीच्या स्वतःच्या वारंवारतेशी जुळवलेली असते. पट्टी किती हलली ते शेजारच्या स्थिर पट्ट्यांशी होणाऱ्या कपॅसिटन्सच्या फरकावरून कळतं. क्षेत्राची दिशा उलटली की कंपनाचा फेज १८० अंशांनी उलटतो, म्हणून अधिक-उणे हे चिन्हही मिळतं.

चिपच्या सपाटीतलं क्षेत्र मोजायचं असेल तर पट्टी वर-खाली किंवा पिळून हलेल अशी रचना करावी लागते. तत्त्व तेच, बनवायला मात्र जास्त किचकट. सुरुवात सपाटीत हलणाऱ्या पट्टीनेच करावी.

इतकं छोटं बळ मोजता येतं तरी कसं?

१ मिलिॲम्पिअर, ५०० मायक्रोमीटर आणि ४० मायक्रोटेस्ला यांचा गुणाकार येतो २० पिकोन्यूटन. एवढं बळ स्थिर असतं तर पट्टी २ पिकोमीटर सरकली असती, म्हणजे सिलिकॉनच्या अणूच्या व्यासाचा साधारण शंभरावा भाग. तेच बळ पट्टीच्या स्वतःच्या वारंवारतेवर आलं की सरकणं क्यू-पटीने वाढतं: २ पिकोमीटरचे २० नॅनोमीटर होतात, आणि हे आरामात मोजता येतं.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत ज्याने सतार जुळवताना पाहिली आहे त्याला हे वेगळं समजावावं लागत नाही. वरच्या तारेवर सूर नेमका लागला की त्या सुराची खालची तरफेची तार न छेडता बोलते, शेजारची गप्प राहते. किंचित बेसूर झालं तरी ती तारही गप्प. क्यू म्हणजे ती तार किती वेळ बोलत राहते आणि सुराच्या बाबतीत किती काटेकोर आहे, त्याचं माप.

मग क्यू जितका मोठा तितकं चांगलं का?

नाही. क्यू वाढला की संवेदनशीलता वाढते आणि वेग घटतो. पट्टीच्या स्वतःच्या वारंवारतेपाशी कंपन एकदम वाढतं, ते शिखर. आपल्या नमुन्यात शिखराची रुंदी २० किलोहर्ट्झ भागिले १०,०००, म्हणजे २ हर्ट्झ. त्यामुळे सेन्सरची बँडविड्थ, म्हणजे किती वेगाने बदलणारं क्षेत्र कळतं ती मर्यादा, जेमतेम १ हर्ट्झ राहते आणि वाचन स्थिरावायला पाऊण-एक सेकंद लागतो. होकायंत्राला हे चालेल. ५० हर्ट्झचा मेन्स करंट मोजायला अजिबात नाही.

यावरचा एक उपाय म्हणजे मुद्दाम शिखरापासून लांब, समजा २०० हर्ट्झ अलीकडे चालवणं. तिथे वाढ १०,००० पट न राहता सुमारे ५० पट उरते, पण बँडविड्थ मोकळी होते आणि तापमानाने शिखर थोडं सरकलं तरी फारसं बिघडत नाही. किंमत मोजावी लागते ती ॲम्प्लिफायरच्या नॉइजच्या रूपात, कारण सिग्नल लहान झाला तरी सर्किटचा नॉइज तेवढाच राहतो.

हॉल सेन्सर पन्नास-शंभर रुपयांत मिळतो. मग हा खटाटोप कशाला?

बहुतेक कामांना खटाटोप करूच नये. दरवाजा उघडा की बंद, मोटर फिरते की नाही, यासाठी हॉल सेन्सर पुरे. होकायंत्राला एएमआर (क्षेत्राने ज्याचा रोध बदलतो अशा धातूच्या थराचा सेन्सर) चांगला.

रेझोनेटरचा खरा गुण वेगळा आहे: त्याच्या आत चुंबकीय पदार्थच नसतो. एएमआर आणि फ्लक्सगेट (गाभ्यावर कॉइल गुंडाळलेला सेन्सर) यांमध्ये लोह-निकेलचा थर किंवा गाभा असतो. जवळ जोरदार चुंबक नेला की त्यात अवशिष्ट चुंबकत्व राहतं आणि शून्य सरकतं. म्हणून एएमआर चिपमध्ये सेट-रिसेटचा स्पंद द्यावा लागतो. सिलिकॉन आणि ॲल्युमिनियमच्या पट्टीला असली आठवण नसते. शिवाय संवेदनशीलता तुमच्या हातात असते: करंट निम्मा केला की रेंज दुप्पट. आणि ज्या प्रक्रियेत ॲक्सिलरोमीटर, जायरोस्कोप बनतात त्याच प्रक्रियेत हाही बनतो, त्यामुळे तिन्ही एका चिपवर बसवता येतात.

आता दुसरी बाजू. यात चुंबकत्वाशी झुंजावं लागतं थोडं. तापमान, निर्वात आणि गळका सिग्नल यांच्याशीच जास्त. खालची निम्मी उत्तरं त्याबद्दलच आहेत.

असा सेन्सर दुकानात सुटा मिळतो का?

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात किंवा ऑनलाइन जे ‘मॅग्नेटोमीटर मॉड्यूल’ मिळतं ते रेझोनेटरचं नसतं. निळं जीवाय-२७१ बोर्ड तर वेगळ्याच कारणाने घोळ घालतं. त्यावर एचएमसी५८८३एल असल्याचं लिहिलेलं असतं आणि बऱ्याचदा निघतो क्यूएमसी५८८३एल. दोन्हींचे रजिस्टर वेगळे, आयटूसी (मायक्रोकंट्रोलरशी बोलायच्या दोन तारांच्या जोडणीचे) पत्तेही वेगळे: पहिल्याचा हेक्समध्ये १ई, दुसऱ्याचा ०डी. ‘सेन्सर शून्यच दाखवतो’ अशी तक्रार आली की आधी आयटूसी स्कॅनर चालवून पत्ता बघा. हे बोर्ड टाकून देऊ नका. तुमचा रेझोनेटर तपासताना संदर्भ म्हणून तेच उपयोगी पडतं.

चिप कुठून बनवून घ्यायची?

दोन वाटा आहेत. पहिली, अनेकांची डिझाइन एकाच वेफरवर बसवणारी सेवा. मेमस्कॅपच्या पॉलीमम्प्स प्रक्रियेत पॉलिसिलिकॉनचे ०.५, २ आणि १.५ मायक्रोमीटरचे तीन थर मिळतात, वर ०.५ मायक्रोमीटर सोनं. एसओआयमम्प्समध्ये (एसओआय म्हणजे ऑक्साइडच्या थरावर बसवलेलं सिलिकॉन) १० किंवा २५ मायक्रोमीटर जाडीचं एकस्फटिकी सिलिकॉन मिळतं. आपल्या कामाला दुसरी प्रक्रिया बरी: जाड थरामुळे बाजूच्या भिंतींचं क्षेत्रफळ वाढतं आणि कपॅसिटन्स वाढतो. नमुन्यातली २० मायक्रोमीटर जाडी मग २५ धरून सगळे आकडे पुन्हा काढायचे.

दुसरी वाट, इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स यूजर्स प्रोग्राम. यातून आयआयटी मुंबई आणि बंगळुरूच्या आयआयएससीमधल्या क्लीनरूम बाहेरच्या कॉलेजांना खुल्या होतात. अर्जासोबत मास्कचं (वेफरवर आकार उतरवायच्या साच्याचं) कच्चं चित्र, प्रक्रियेच्या पायऱ्या आणि मोजणीचा बेत जोडा. ‘आम्हाला मेम्स (सिलिकॉनची सूक्ष्म यंत्रं) शिकायचं आहे’ एवढ्यावर अर्ज पुढे सरकत नाही. ‘एसओआय वेफर, डिव्हाइस थर अमुक, सर्वांत लहान फट २ मायक्रोमीटर, खोली इतकी’ असं लिहिलं तर समोरचा माणूस तुमच्याशी बोलू लागतो.

एचिंग कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये जमेल का?

नाही, आणि करून बघूही नका. पट्टी खालच्या ऑक्साइडपासून सोडवायला हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं. ते त्वचेतून आत शिरून कॅल्शियम ओढतं, जखम सुरुवातीला दुखतही नाही, आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी नसेल तर प्रकरण जिवावर बेततं.

आम्ल बाजूला ठेवलं तरी अडचण राहतेच. ओल्या आम्लातून काढलेली पट्टी वाळताना पाण्याचा पृष्ठताण तिला खाली ओढतो, ती तळाला चिकटते आणि पुन्हा सुटत नाही. म्हणून क्लीनरूममध्ये आम्लाची वाफ वापरतात. त्याच कारणाने सुटलेल्या पट्ट्यांची वेफर पाण्याच्या धारेखाली कापायची नसते. आधी कापणी, मग सोडवणी.

चिप हातात आली. पहिलं काय तपासायचं?

सर्किट जोडायच्या आधी मायक्रोस्कोप. वीस-चाळीस पटीत फट सगळीकडे सारखी दिसते का, कुठे धुळीचा कण अडकलाय का, एखादी पट्टी वाकून दुसरीला टेकली आहे का. फोकस वर-खाली करून पट्टी आणि आजूबाजूचा भाग एकाच पातळीत आहे ना, हेही बघा. पट्टी खाली दिसली तर ती चिकटलेली आहे.

मग मल्टिमीटर. करंटच्या वाटेचा रोध डिझाइनच्या आसपास यायला हवा. हलती पट्टी आणि स्थिर पट्ट्या यांच्यात मात्र काहीच जोड दिसू नये. मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधा. २ मायक्रोमीटरच्या फटीला अंगावरची स्थिर वीज पुरते.

यानंतर पॅकेज. इथे हमखास चूक होते: कोवारची झाकणं आणि पिना. कोवार म्हणजे लोह, निकेल, कोबाल्ट. तिन्ही चुंबकाला चिकटणारे. सेन्सर अचुंबकीय आणि त्याचं घर चुंबकीय, मग शून्य जागेवर राहणार कसं? सिरॅमिक पॅकेज घ्या, झाकण काचेचं ठेवा, स्क्रू पितळेचे वापरा. बोर्डावरचे निकेल टोकांचे कपॅसिटर आणि पोलादी आवरणाचे बॅटरी सेल चिपपासून चार-पाच सेंटीमीटर लांब. प्रत्येक भाग आधी दोऱ्याला टांगलेल्या छोट्या निओडायमियम चुंबकाजवळ नेऊन बघा. चुंबक हलला तर तो भाग बाद.

निर्वाताशिवाय चालेल का? पंप कुठला घ्यायचा?

हवेतही पट्टी कंप पावते, पण २ मायक्रोमीटरच्या फटीतली हवा गादीसारखी दबते आणि क्यू शंभराच्या आसपास किंवा त्याखाली येतो. म्हणजे २० नॅनोमीटरच्या जागी ०.२ नॅनोमीटर. जोडणी बरोबर आहे की नाही हे कळायला एवढं पुरतं, मोजमापाला नाही.

फ्रीज-एसी दुरुस्त करणाऱ्यांकडे असतो तो दोन टप्प्यांचा व्हॅक्यूम पंप सुरुवातीला चालतो. चांगल्या अवस्थेतला पंप २० ते ५० मायक्रॉनपर्यंत (इथे मायक्रॉन हे दाबाचं एकक), म्हणजे साधारण ०.०३ ते ०.०७ मिलिबारपर्यंत उतरतो. न उतरल्यास आधी तेल बदला. जुन्या तेलात ओल असते, आणि पावसाळ्यात तर असतेच. जाड काचेची बेलजार, रबरी ओ-रिंग, वायर आत न्यायला इपॉक्सीने भरलेली पितळी फिटिंग, इतकं पुरतं. दाब मोजायला पिरानी गेज (तापलेल्या तारेवरून कमी दाब मोजणारा) हवाच, पंपावरचा गोल काटा नव्हे. त्या काट्याला १ मिलिबार आणि ०.०१ मिलिबार सारखेच.

क्यू मोजायचा सोपा मार्ग: पट्टीला कंप पावू द्या, करंट एकदम बंद करा, आणि कंपन ३७ टक्क्यांवर यायला किती वेळ लागला ते स्कोपवर बघा. १०,००० क्यू असेल तर हा वेळ ०.१६ सेकंद.

करंट सोडायला मायक्रोकंट्रोलरचा टायमर का चालत नाही?

७२ मेगाहर्ट्झच्या टायमरला ३६०० ने भागलं की २० किलोहर्ट्झ बरोबर मिळतात. पुढची पायरी ३६०१, म्हणजे १९,९९४.४ हर्ट्झ. पायरी साडेपाच हर्ट्झची आणि शिखर २ हर्ट्झ रुंद. शिखर दोन पायऱ्यांच्या मधोमध हरवतं आणि ‘चिप मेली’ असा निष्कर्ष निघतो. चिप मरत नाही, तिच्यापर्यंत कोणी पोचलेलंच नसतं.

एडी९८३३ हे डीडीएस (आकड्यांवरून हवी ती वारंवारता तयार करणारं) मॉड्यूल घ्या. २५ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर त्याची पायरी ०.१ हर्ट्झहून लहान आहे. तो आणि सॅम्पलिंग करणारा मायक्रोकंट्रोलर दोघांना एकाच क्रिस्टलवरून घड्याळ द्या, नाहीतर दोघांची घड्याळं एकमेकांपासून सरकत राहतात. सिग्नलच्या प्रत्येक आवर्तनात चार सॅम्पल घेतले तर लॉक-इन, म्हणजे ड्राइव्हच्याच वारंवारतेचा भाग वेगळा काढणं, अगदी सोपं होतं: पहिल्यातून तिसरा वजा केला की एक घटक, दुसऱ्यातून चौथा वजा केला की ९० अंशांचा घटक. असे हजारो आवर्तनांचे आकडे बेरजेत टाकत राहायचं.

एडी९८३३ चं आउटपुट शून्याभोवती नसतं, त्यात डीसी असतो. तो तसाच पट्टीत गेला तर वेगळाच उपद्रव होतो. पट्टी करंटच्या वर्गाच्या प्रमाणात तापते. नुसता एसी असेल तर तापण्याची लहर दुप्पट वारंवारतेवर, ४० किलोहर्ट्झवर येते आणि कोणाला त्रास देत नाही. डीसी मिसळला की तापण्याचा एक भाग नेमका २० किलोहर्ट्झवर येतो, पट्टी त्या तालावर वाकते, आणि क्षेत्र नसतानाही क्षेत्र दिसतं. उपाय दोन रुपयांचा: १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सिरीजमध्ये. २० किलोहर्ट्झवर त्याचा अडथळा फक्त ८ ओहम.

क्षेत्र शून्य केलं तरी मोठा सिग्नल येतो. का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. त्याला नाव आहे गळती. हिशेब करून बघा.

समजा पट्टीच्या शेजारी दहा स्थिर पट्ट्या आहेत, प्रत्येकी ३०० मायक्रोमीटर लांब, फट २ मायक्रोमीटर. कपॅसिटन्स येतो ०.२७ पिकोफॅरड. पट्टी २० नॅनोमीटर हलली की तो सुमारे २.६५ फेम्टोफॅरडने बदलतो. बायस, म्हणजे हलती पट्टी आणि स्थिर पट्ट्या यांच्यात लावलेला डीसी व्होल्टेज, ३ व्होल्ट असेल तर बाहेर येणारा करंट १ नॅनोॲम्पिअर.

आता दुसरीकडे, १ किलोओहममधून १ मिलिॲम्पिअर ढकलायला १ व्होल्ट लागतो. तो व्होल्ट चिपवरच्या पॅडांमधून, वायरबाँडमधून सेन्सच्या तारेवर झिरपतो. ८ फेम्टोफॅरडची गळती असेल तर झिरपणारा करंटही बरोबर १ नॅनोॲम्पिअर! आणि ८ फेम्टोफॅरड म्हणजे काहीच नाही. शेजारी-शेजारी असलेल्या दोन बाँडवायरमध्ये याहून जास्त असतो. तुमचा ‘मोठा सिग्नल’ हा आहे.

दिलासा असा की शिखरावर खरा सिग्नल ड्राइव्हच्या फेजमध्ये असतो आणि गळती ९० अंश पुढे, त्यामुळे लॉक-इन त्यांना वेगळं करू शकतं. पण फेज ५ अंशांनी चुकला तरी गळतीचा जवळपास ९ टक्के भाग मोजमापात घुसतो. म्हणून गळती मुळातच कमी करावी. पट्टीच्या एका टोकाला अधिक अर्धा व्होल्ट, दुसऱ्याला उणे अर्धा द्या. दोन्ही गळत्या एकमेकींना बऱ्याचशा खोडतात आणि पट्टीचा मध्य शून्यावर राहतो. एका बाजूला लहान ट्रिमर लावून, बायस शून्य ठेवून, उरलेली गळती किमान करा. सेन्सचा ॲम्प्लिफायर चिपला चिकटून हवा. जेफेट इनपुटचा ऑप-ॲम्प आणि १० मेगाओहमचा फीडबॅक घेतला की १ नॅनोॲम्पिअरचे १० मिलिव्होल्ट मिळतात.

बायस वाढवला तर सिग्नल वाढेल ना?

वाढेल, आणि एका क्षणी पट्टी बाजूच्या पट्टीला जाऊन चिकटेल. एका बाजूला पट्ट्या असलेल्या आपल्या नमुन्यात ही मर्यादा सुमारे ६.७ व्होल्ट येते. फटी मास्कवर काढल्या तेवढ्याच उतरत नाहीत, म्हणून ४ व्होल्टच्या वर जाऊ नका. बायस हळूहळू चढवा आणि वाटेत १ मेगाओहमचा रोध ठेवा. पट्टी टेकलीच तर वितळून जाणार नाही.

बायसने स्प्रिंग मऊही होते. ३ व्होल्टला ताठरता साधारण ६ टक्क्यांनी घटते आणि वारंवारता ३ टक्क्यांनी, म्हणजे ६०० हर्ट्झने खाली येते. बायस बदलला की शिखर नव्याने शोधायचं.

सकाळी जुळवलेला सेन्सर दुपारी का बिघडतो?

सिलिकॉनची वारंवारता दर अंश सेल्सिअसला दहा लाखांत सुमारे ३० भागांनी घटते. २० किलोहर्ट्झवर हे ०.६ हर्ट्झ झालं. सांगलीत मे महिन्यात सकाळची प्रयोगशाळा आणि दुपारची प्रयोगशाळा यांत १० अंशांचा फरक सहज पडतो: ६ हर्ट्झ. शिखर स्वतः २ हर्ट्झ रुंद. म्हणजे तुम्ही शिखरावरून उतरून पायथ्याशी उभे आहात; सिग्नल एक षष्ठांश, फेज ८० अंशांनी फिरलेला, आणि वर सांगितलेली गळती आता खऱ्या सिग्नलच्या जागी बसलेली.

एकदा जुळवून सोडून द्यायची वस्तूच नाही ही. फेज-लॉक लूप लावून वारंवारतेने शिखराचा पाठलाग करायचा. पाठलागासाठी लॉरेन्ट्झ बळावर विसंबू नका, कारण क्षेत्र शून्य झालं की लूपला धरायला काही उरत नाही. वेगळ्या इलेक्ट्रोडवरून स्थिरविद्युत (इलेक्ट्रोस्टॅटिक) बळाने पट्टी सतत हलती ठेवा आणि क्षेत्राचा परिणाम त्यावरचा फरक म्हणून वाचा. लूप बांधणं झेपत नसेल तर दर पाच मिनिटांनी शिखर स्कॅन करणारा प्रोग्राम लिहा. दिसायला ओबडधोबड, पण चालतो.

पट्टी स्वतःच्या करंटनेही तापते. चालू केल्यावर पहिल्या काही मिनिटांची वाचनं सरळ टाकून द्या.

हे सगळं आधी संगणकावर बघता येईल का?

येईल, आणि फुकटात. यांत्रिक रचनेसाठी एल्मर, सर्किटसाठी एनजीस्पाइस. स्पाइसमध्ये पट्टी म्हणजे सिरीजमधला रोध, इंडक्टर आणि कपॅसिटर. आपल्या नमुन्याचे आकडे: १६ फेम्टोफॅरड, ३,९६० हेन्री, ५० किलोओहम. हेन्रीचा आकडा बघून दचकू नका, ते पट्टीचं वस्तुमान आहे. ४० मायक्रोटेस्लाचं बळ म्हणजे या साखळीला लावलेला ५० मायक्रोव्होल्टचा स्रोत. भागिले ५० किलोओहम, उत्तर १ नॅनोॲम्पिअर. वर दुसऱ्या वाटेने काढलेल्या आकड्याशी जुळतं. तुमच्या डिझाइनमध्ये हे दोन आकडे जुळले नाहीत तर मास्क पाठवू नका. एसी विश्लेषण वापरा. ट्रान्झियंट लावलं तर कंपन स्थिरावायलाच १६,००० आवर्तनं लागतात.

माहीत असलेलं क्षेत्र कसं तयार करायचं?

हेल्महोल्ट्झ कॉइल. दोन सारख्या कॉइल, त्रिज्या १० सेंटीमीटर, दोन्हींमधलं अंतरही १० सेंटीमीटर, प्रत्येकी ५० वेढे. २४ गेजची इनॅमल तार मोटर रिवाइंडिंगच्या कुठल्याही दुकानात मिळते. ६५ मीटर घ्या. साचा लाकडाचा किंवा पीव्हीसीचा. दोन्ही कॉइल सिरीजमध्ये, एकाच दिशेने. १०० मिलिॲम्पिअरला मध्यभागी ४५ मायक्रोटेस्ला मिळतात. करंट सप्लायच्या आकड्यावरून न घेता सिरीजमधल्या रोधावरचा व्होल्टेज मोजून काढा.

एक कॉइल उलटी जोडली गेली की मध्यभागी शून्य येतं. जीवाय-२७१ बोर्ड कॉइलच्या मधोमध ठेवून आधी तपासा.

टेबलावर सपाट ठेवलेला सेन्सर ४० ऐवजी १६-१७ मायक्रोटेस्लाच दाखवतो. चिप चुकली का?

चिप बरोबर आहे. आपल्याकडे पृथ्वीचं क्षेत्र ४० मायक्रोटेस्लाच्या थोडं वर असतं, पण ते जमिनीत वीस-पंचवीस अंशच झुकलेलं असतं. आपण चुंबकीय विषुववृत्तापासून फार लांब नाही. सपाट चिपला फक्त उभा घटक दिसतो. चिप उभी करून तोंड उत्तरेला करा, आकडा वाढेल. आणि प्रत्येक वाचन दोनदा घ्या, दुसऱ्यांदा सेन्सर १८० अंश फिरवून, म्हणजे चिपचं तोंड उलट दिशेला करून. दोन्हींची सरासरी म्हणजे सेन्सरचा स्वतःचा ऑफसेट, फरकाचं निम्मं म्हणजे खरं क्षेत्र.

कॅलिब्रेशनला जागा कोणती निवडावी?

कॉलेजच्या इमारतीत नको. स्लॅबमधलं लोखंड, पंखे, पोलादी कपाटं, खाली उभ्या मोटारसायकली, सगळं मिळून क्षेत्राचा चिवडा होतो.

साताऱ्यात मात्र उघड्या माळावरही सावध राहावं लागतं. आपला काळा कातळ म्हणजे दख्खनचा बेसाल्ट. त्यात टायटॅनोमॅग्नेटाइटचे कण आहेत आणि सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना पृथ्वीचं तेव्हाचं क्षेत्र त्यात गोठलेलं आहे. अनेक थरांत तर ते आजच्या उलट दिशेचं आहे. डोंगरमाथ्यावर वीज पडलेल्या जागी खडक आणखी जोरात चुंबकित झालेला असतो. म्हणून यवतेश्वर-कासच्या बाजूला कातळावर थेट ठेवून घेतलेलं वाचन आणि लाकडी स्टुलावर मीटरभर उंच धरलेलं वाचन वेगवेगळं येऊ शकतं. कृष्णाकाठची खोल काळ्या मातीची शेतं त्यामानाने बरी, वीजवाहिनी आणि बोअरची लोखंडी केसिंग पन्नास मीटर लांब असेल तर. जागा पसंत करण्याआधी चार दिशांना एकेक मीटर सरकून वाचन घ्या. बदललं नाही तर तिथेच बस्तान मांडा.

उसाच्या मोटरीचा करंट यावर मोजता येईल का?

साडेसात एचपीची थ्री-फेज मोटर साधारण १०-११ ॲम्पिअर घेते. एका सुट्या तारेपासून २ सेंटीमीटरवर १० ॲम्पिअरचं क्षेत्र १०० मायक्रोटेस्ला, म्हणजे भरपूर. पण क्षेत्र ५० हर्ट्झचं आणि आपली बँडविड्थ १ हर्ट्झ, त्यामुळे शिखरावर चालवलेला सेन्सर ते पाहतच नाही. शिवाय सेन्सर तीन कोअरच्या केबलवर लावला तर तिन्ही फेजचे करंट एकमेकांना खोडतात आणि जवळजवळ शून्य दिसतं. स्टार्टरमध्ये एका फेजवर करंट ट्रान्सफॉर्मर घाला आणि काम संपवा.

कोयनेच्या भूकंपाची पूर्वसूचना यातून मिळेल का?

नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर या भागात असे प्रस्ताव अधूनमधून येत राहतात. चुंबकीय क्षेत्रातल्या बदलांवरून भूकंप आधी सांगण्याची खात्रीची पद्धत अस्तित्वात नाही. कोयना भागातल्या भूकंपांच्या अभ्यासासाठी कराडला पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची बोअरहोल प्रयोगशाळा आहे आणि त्या कामात सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्रही घेतलं गेलं आहे. या विषयात रस असेल तर भूकंपमापन शिका.

कमीत कमी किती क्षेत्र कळतं?

पट्टी खोलीच्या तापमानाला स्वतःहूनच थरथरते, ती खालची मर्यादा. आपल्या नमुन्यात १ हर्ट्झ बँडविड्थला सुमारे २३ नॅनोटेस्ला. पट्टीवर इन्सुलेशन घालून धातूचे दहा वेढे फिरवले तर ती दहापट खाली येते, पण रोध आणि लागणारा व्होल्टही दहापट होतो, आणि त्यासोबत गळतीही.

तुलनेसाठी: १८५९ च्या प्रचंड सौरवादळात कुलाब्याच्या वेधशाळेत आडव्या घटकात सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची घट नोंदली गेली होती. तसं वादळ हा सेन्सर सहज पकडेल. रोजचे, काही दहा नॅनोटेस्लाचे चढउतार पकडायला मात्र तापमान अंशाच्या काही शतांशापर्यंत स्थिर ठेवावं लागेल. ट्रामच्या विजेचा उपद्रव टाळायला कुलाब्याचं चुंबकीय काम विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अलिबागला हलवलं गेलं. जागा निवडताना कोणता त्रास टाळायचा असतो त्याचं हे उदाहरण.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे, हातात चार महिने. यातलं काय होईल?

चिप होणार नाही. मास्क पाठवून चिप हातात यायलाच याहून जास्त वेळ जातो. पण मोठं मॉडेल होईल. पितळेची किंवा फॉस्फर ब्राँझची ०.१ मिलिमीटर जाड, ४ सेंटीमीटर लांब पट्टी दोन्ही टोकांना ताणून बसवा, खाली निओडायमियम चुंबक, पट्टीतून १०० मिलिॲम्पिअर एसी. वारंवारता काहीशे हर्ट्झच्या घरात येते, कंपन लेसर पॉइंटर आणि फोटोडायोडने वाचता येतं. शिखर, क्यू, तापमानाने सरकणं, फेज उलटणं, सगळं त्यात दिसतं. हेअर ड्रायर पट्टीवर धरला की शिखर डोळ्यांदेखत पळतं, आणि परीक्षकांना दाखवायला तेच सगळ्यात चांगलं. एडी९८३३, चार सॅम्पलचं लॉक-इन आणि शिखराचा पाठलाग करणारा प्रोग्राम यावर आधी चालवून ठेवा. पुढे चिप मिळाली तर त्यात फक्त आकडे बदलायचे असतात.